स्टॅगहॉर्न, बाशिंग आणि जुन्नरच्या बागा

पुणे-नाशिक रस्त्यावरच्या रोपवाटिकांमध्ये आता स्टॅगहॉर्न फर्न सहज मिळते. जुन्नर, नारायणगाव, मंचर इथल्या नव्या घरांच्या व्हरांड्यात लाकडी फळीवर बांधलेले, हरणाच्या शिंगांसारखी पाने पसरलेले हे झाड दिसू लागले आहे. माती नाही, कुंडी नाही, फूल नाही, फळ नाही. घरी आलेला पाहुणा पहिल्यांदा विचारतो, ‘खरे आहे की प्लॅस्टिकचे?’ दुसरा प्रश्न असतो, ‘मग जगते कसे?’ तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. हे झाड आपल्या भिंतीपर्यंत आले कुठून आणि कसे?

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. झाडे हा माझा विषय नव्हे. पण शब्दांचा माग काढताना कधी कधी झाडापर्यंत पोचावे लागते. या तिसऱ्या प्रश्नाच्या मागे लागलो, तेव्हा वाट लंडनच्या एका डॉक्टरच्या घरातून, हिवऱ्याच्या सरकारी बागेतून आणि हापूसबागेतून फिरत थेट जुन्नरच्या लेण्यांपर्यंत गेली. आपल्या तालुक्यात बागा कोणी लावल्या, झाडे कोणी आणली, कोणी नेली, याचा हा थोडक्यात हिशेब आहे.

दोन प्रकारची पाने

आधी झाडाची ओळख. शास्त्रज्ञ याला प्लॅटिसेरियम म्हणतात. हे नाव १८२७ मध्ये दिले गेले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ होतो ‘रुंद शिंग’. जगात याच्या सुमारे १८ प्रजाती आहेत. आपल्या घरांत येते ती बहुधा पूर्व ऑस्ट्रेलियातली. भारतात याची एक प्रजाती मणिपूरच्या जंगलात आढळते. सह्याद्रीत मात्र एकही नाही.

मराठीत फर्नला नेचा म्हणतात. उर्दूत नैचा म्हणजे हुक्क्याची नळी आणि फर्नला शब्द आहे सरख़स. उच्चार जवळचे, वस्तू वेगळ्या. वर्गात हे सांगितले की मुले हसतात आणि दोन्ही शब्द त्यांच्या लक्षात राहतात.

स्टॅगहॉर्नला दोन प्रकारची पाने असतात. एक पान ढालीसारखे गोल. ते खोडाला किंवा फळीला चिकटून बसते, काही दिवसांनी तपकिरी पडते आणि कागदासारखे होते. दुसरे पान हिरवे, लांब, टोकाला फुटे फुटलेले. लोकांना हेच पान आवडते. बरेच जण तपकिरी पान वाळले म्हणून ओढून काढतात आणि झाड हळूहळू मरते. कारण सगळा भार त्या वाळक्या पानावर असतो. ते मुळांना झाकते, ओल धरून ठेवते, वरून पडलेला पालापाचोळा साठवते आणि त्याचेच खत होते. हिरवे पान अन्न तयार करते आणि त्याच्या टोकाशी मागच्या बाजूला तपकिरी ठिपका येतो. त्यात बीजाणू असतात. नेच्यांना फूल येत नाही, बी धरत नाही. वंश चालतो तो या भुकटीवर.

आमच्या घरी हे झाड आणले तेव्हा अम्मी म्हणाली, “ये तो बारासिंगे के सिंगां दिसते.” नंतर काही दिवसांनी आहुप्याकडच्या एका विद्यार्थ्याचे वडील दाखल्याच्या कामासाठी घरी आले. फळीकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “गुरुजी, हे आमच्याकडच्या बाशिंगावानी दिसतंय. पण बाशिंग न्हाई.”

त्यांचे म्हणणे दोन्ही बाजूंनी बरोबर होते. बाशिंग हा आपल्या सह्याद्रीतला नेचा. आंब्याच्या, वडाच्या जुन्या खोडावर किंवा ओल्या कातळावर तो वाढतो. काही जण त्याला अश्वकात्री म्हणतात. शास्त्रीय नाव ड्रायनेरिया क्वेर्सिफोलिया, म्हणजे ओकच्या पानासारखी पाने असलेला. १७५३ मध्ये लिनियसने त्याची नोंद केली, तेव्हा युरोपातल्या माणसाला ओकचे पान आठवले. आपल्या लोकांना मात्र नवरदेवाच्या कपाळावरचे बाशिंग आठवले. आमच्यात सेहरा बांधतात, गावातल्या हिंदू घरात बाशिंग. खोडाच्या कपाळावर बांधल्यासारखा दिसणारा हा नेचा ज्याने पहिल्यांदा पाहिला, त्याला दुसरे नाव सुचणे कठीण होते.

बाशिंगालाही दोनच प्रकारची पाने. बुडाशी तपकिरी, आखूड, कागदी पानांची टोपली. तिच्यात पालापाचोळा साठतो. तिच्यातून वर येणारी लांब, खोल कापलेली हिरवी पाने. स्टॅगहॉर्न आणि बाशिंग एकाच मोठ्या कुळात मोडत असले, तरी नाते जवळचे नाही. दोघांची राहणी मात्र एकसारखी. जमिनीपासून उंचावर, मातीशिवाय, पडेल ते झेलून जगायचे.

मी नकाशा समोर ठेवला तर एकाचे घर ऑस्ट्रेलियात, दुसऱ्याचे आहुपे-भीमाशंकरच्या जंगलात. तरी बाजारात मिळतो तो ऑस्ट्रेलियावाला आणि शेजारचा बाशिंग नव्या पिढीला नावानेही ठाऊक नाही. हे कसे घडले, हे समजायला बागांच्या इतिहासात जावे लागते.

जुन्नरमध्ये झाडे कोणी लावली

जुन्नरच्या आसपास शेकडो लेणी आहेत आणि त्यांत ब्राह्मी लिपीतले अनेक शिलालेख आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या यांतल्या एका लेखात दान दिल्याची नोंद आहे. वडालिका गावातल्या २० निवर्तने जमिनीचे उत्पन्न करंजाची झाडे लावण्यासाठी आणि कटपुतक गावातल्या ९ निवर्तने जमिनीचे उत्पन्न वडाची झाडे लावण्यासाठी. निवर्तन हे जमीन मोजण्याचे जुने माप. दान देणाऱ्याचे नाव आडुथुम. तो शक होता, म्हणजे मध्य आशियातून आलेल्या लोकांपैकी. दानाची व्यवस्था त्याने एका श्रेणीकडे, म्हणजे कारागिरांच्या संघाकडे सोपवली.

जुन्नर परिसरात झाडे लावल्याच्या सर्वांत जुन्या लेखी नोंदींपैकी ही एक. ती एका बाहेरून आलेल्या माणसाच्या नावाने आहे, आणि त्याने लावायला सांगितली ती झाडे इथलीच आहेत, करंज आणि वड. दिव्यासाठी तेल देणारा करंज, सावली देणारा वड. वडाच्या खोडावर पुढे बाशिंग उगवले असेल, तर त्याचे पुण्यही आडुथुमच्याच खात्यात जमा धरायला हरकत नाही. याच लेण्यांत यवनांची दानेही कोरलेली आहेत. जुन्नर हे नाणेघाटाच्या माथ्यावरचे व्यापारी गाव होते आणि कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवर उतरलेला माणूस घाट चढून इथे येत असे.

त्यानंतर कित्येक शतकांनी, १४७० च्या आसपास, चौल बंदरावर उतरून घाट चढत एक रशियन व्यापारी जुन्नरला आला. त्याचे नाव अफानासी निकितिन. तेव्हा इथे बहमनी अंमल होता. विकायला आणलेला घोडा इथल्या सुभेदाराने अडकवून ठेवला आणि तो सोडवून द्यायला एक खुरासानी मुसलमान धावून आला, असे त्याने लिहून ठेवले आहे. पावसाळा त्याने जुन्नरमध्येच काढला. आपल्या पावसाळ्याला तो हिवाळा म्हणतो. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, आणि याच दिवसांत लोक नांगरतात, पेरतात, हे पाहून तो चकित झाला. रशियाच्या हिवाळ्यात जमीन गोठते, जुन्नरच्या ‘हिवाळ्यात’ ती हिरवी होते. बाशिंगाचेही वर्ष याच चार महिन्यांभोवती फिरते. उन्हाळ्यात त्याची हिरवी पाने झडतात, तपकिरी टोपली तेवढी उरते, आणि पहिल्या पावसानंतर तिच्यातून नवे कोंभ येतात.

निकितिन गेला आणि वीस वर्षांत जुन्नरचे दिवस पालटले. मलिक अहमदने १४९० मध्ये बहमनी सत्तेपासून वेगळे होऊन निजामशाही सुरू केली. तिची पहिली राजधानी जुन्नर. बहमनी फौजेचा त्याने जिथे पराभव केला, तिथे त्याने बाग उभारली आणि त्या लढाईला ‘जंग-ए-बाग’ हे नाव पडले. लढाईला बागेचे नाव असणे ही गोष्ट मला नेहमी विचार करायला लावते. पुढे १४९४ मध्ये त्याच परिसरात अहमदनगर वसले. निजामशाहीच्या बागांपैकी फराहबागेचा महाल आजही तिथे उभा आहे.

जुन्नरच्या पूर्वेला हापूसबाग आहे. नाव ऐकून आंबा आठवतो. आंब्याचे हापूस हे नाव पोर्तुगीज अफोन्सोवरून आले. या गावाच्या नावाची कथा मात्र वेगळी सांगतात. इंग्रजांच्या १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये या बागेचे नाव ‘अफीज बाग’ असे दिले असून, हे नाव ‘हबशी’वरून आल्याचे स्थानिक लोक सांगतात, अशी नोंद आहे. हबशी म्हणजे आफ्रिकेतून, मुख्यतः इथिओपियातून आलेले लोक. गुलाम म्हणून विकला गेलेला आणि निजामशाहीचा वजीर झालेला मलिक अंबर त्यांच्यापैकीच. त्याच्या काळात काही वर्षे निजामशाहीचा कारभार जुन्नरहून चालला. हापूसबागेतल्या जुन्या दगडी इमारतीला आजही हबशी महाल म्हणतात.

या काळाने मराठीला बागेचे अर्धे शब्द दिले. बाग, बागाईत, बागवान, गुलाब, अंजीर, डाळिंबाचा अनार, आणि सर्वांत महत्त्वाचा शब्द कलम. हा मूळचा अरबी शब्द. उर्दूत कलम म्हणजे लेखणी. तिरका छेद देऊन बोरूची लेखणी करतात, तसाच तिरका छेद देऊन फांदीचे कलम बांधतात. कायद्याच्या परिच्छेदालाही मराठीत कलमच म्हणतात. लेखणी, फांदी आणि कायदा हे तिन्ही एका शब्दात मावलेले आहेत, आणि या लेखात पुढे तिन्हींचे काम पडणार आहे.

हिवऱ्याची बाग आणि निनावी चित्रकार

पेशवाई संपल्यावर दहा वर्षांनी, १८२८ मध्ये, गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात पुण्याजवळ दापोडीला कंपनी सरकारची वनस्पती बाग सुरू झाली. इंग्रजी कागदांत तिला दापुरी म्हणतात. १८३८ मध्ये तिचा प्रमुख झाला डॉ. अलेक्झांडर गिब्सन. हा स्कॉटलंडचा. कंपनीचा डॉक्टर म्हणून आला, दख्खन आणि खानदेशात देवीच्या लसी टोचत फिरला आणि त्या फिरतीत मराठी, गुजराती, हिंदुस्थानी शिकला. त्याच्या देखरेखीखाली आपल्या जुन्नर तालुक्यात हिवरे इथे दुसरी सरकारी बाग उभी राहिली. तिथे प्रामुख्याने औषधी वनस्पती लावल्या जात. मुंबईच्या सरकारी औषधभांडाराला लागणारा माल विलायतेहून मागवण्यापेक्षा इथेच पिकवावा, हा हेतू होता.

या बागांचे काम दुहेरी होते. जगभरातून रोपे आणायची, इथे रुजतात का पाहायचे, रुजली तर वाटायची. इथली रोपे आणि बिया बाहेर पाठवायच्या. त्यामागे व्यापार होता, कर होता, साम्राज्याचा हिशेब होता. १८४७ मध्ये गिब्सन मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला आणि १८६० पर्यंत त्या पदावर राहिला. कोकणातली जंगले तुटल्यावर झरे आटतात, हे त्याने सरकारला लिहून कळवले. याच सरकारी वनव्यवस्थेने पुढे जंगलावर ज्यांचे पोट होते त्यांच्या हक्कांवरही बंधने आणली. दोन्ही गोष्टी एकाच कारभाराच्या आहेत आणि दोन्ही लिहायला हव्यात.

१८४७ ते १८५० या काळात गिब्सनने दापुरीच्या बागेतल्या झाडांची चित्रे काढून घेतली. सुमारे १७० चित्रे. ती आज एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. हेन्री नोल्टी या अभ्यासकाने २००२ मध्ये त्यांच्यावर मोठे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातून एक गोष्ट कळते. ही चित्रे काढणारा कलाकार पोर्तुगीज-भारतीय होता. त्याचे नाव कुठेही नोंदलेले नाही.

मी या ओळीपाशी बराच वेळ थांबलो. प्रत्येक पानाच्या शिरा, प्रत्येक पाकळीचा रंग त्याने कागदावर उतरवला. झाडांची लॅटिन नावे जपली गेली, साहेबाचे नाव पुस्तकावर आले, चित्रकाराचे नाव लिहायला लेखणी कुणी उचलली नाही. हिवऱ्याच्या बागेत पाणी देणारे, वाफे बांधणारे, रोपे पाठीवर वाहणारे माळी आणि मजूर तर त्याच्याही पलीकडे. हापूसबागेच्या माळ्यांचेही तेच झाले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या आडुथुमचे नाव आपल्याला माहीत आहे, कारण त्याने ते दगडात कोरून घेतले. करंजाची रोपे ज्यांनी प्रत्यक्ष लावली, त्यांचे नाही. बाशिंग हे नावही असेच कुणा निनावी माणसाने दिलेले आहे.

काचेची पेटी

झाडे समुद्रापार नेण्यात मोठी अडचण होती. महिनोन्‌महिने चालणाऱ्या प्रवासात खारे वारे, ऊन आणि गोड्या पाण्याची टंचाई यामुळे बहुतेक रोपे मरत. ही अडचण सुटली ती नेच्यामुळेच.

लंडनमध्ये नॅथानिएल वॉर्ड नावाचा डॉक्टर होता. शहराच्या कोळशाच्या धुरात त्याचे नेचे जगत नव्हते. १८२९ मध्ये त्याने एका पतंगाचा कोश बंद बाटलीत ओल्या मातीवर ठेवला होता. त्या मातीत एक नेचा आणि थोडे गवत आपोआप उगवले. बाटलीतले पाणी वाफ होऊन वर जात होते आणि काचेवरून परत मातीत येत होते. यावरून त्याने काचेच्या बंद पेट्या केल्या. १८३३ मध्ये अशा दोन पेट्या नेचे आणि गवत भरून लंडनहून सिडनीला पाठवल्या. महिन्यांचा प्रवास करून रोपे जिवंत पोचली. परतीच्या फेरीत त्याच पेट्यांतून ऑस्ट्रेलियातली रोपे लंडनला आली.

त्यानंतर जगाची झाडे जगभर फिरली. चीनमधून चहाची हजारो रोपे अशाच पेट्यांतून हिमालयाच्या पायथ्याशी आली. आपल्या रोजच्या चहाचा एक धागा वॉर्डच्या बाटलीशी जोडलेला आहे. दूरदेशीचे स्टॅगहॉर्नसारखे नेचे काचघरांत आणि दिवाणखान्यांत पोचले, तेही याच व्यापाराच्या वाटेने.

इंग्लंडमध्ये मग नेच्यांचे वेडच लागले. १८५५ मध्ये चार्ल्स किंग्जली या लेखकाने त्याला ‘टेरिडोमेनिया’ असे नावही दिले. लोक सुट्टीत टोपल्या घेऊन डोंगरात जात आणि नेचे उपटून आणत. विकणारे गाड्या भरून आणू लागले. किलार्नी फर्न नावाचा एक दुर्मीळ नेचा तर त्याच्या मूळ ठिकाणांहून जवळजवळ नाहीसा झाला. ज्यांना नेचे सर्वांत जास्त आवडत होते, त्यांच्याच हातून हे झाले.

मुंबई इलाख्यातल्या नेच्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास नंतर झाला. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे फादर ब्लॅटर आणि डि’आल्मेडा यांनी १९२२ मध्ये मुंबई इलाख्यातील नेच्यांवर स्वतंत्र पुस्तक काढले. म्हणजे आपल्या नेच्यांची नोंद झाली आहे. ती शास्त्रज्ञांच्या कपाटात राहिली, आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि घरांत आली नाही.

जुन्नरच्या हवेत स्टॅगहॉर्न

आता ज्यांच्या घरी स्टॅगहॉर्न आहे किंवा यायचे आहे त्यांच्यासाठी कामाचे चार शब्द. आपल्या दोन तालुक्यांत हवेचा फरक मोठा आहे. पश्चिमेला आहुपे, भीमाशंकर भागात पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत. पूर्वेला मंचर, नारायणगावकडे उन्हाळ्यात कोरडा वारा वाहतो. पुस्तकातला किंवा व्हिडिओतला सल्ला जसाच्या तसा दोन्हीकडे चालत नाही.

झाडाला उजेड हवा, थेट ऊन नको. पूर्वेकडचा व्हरांडा उत्तम, कारण सकाळचे कोवळे ऊन चालते. दुपारचे ऊन पाने भाजते. फळी सागाची किंवा आंब्याची जुनी घ्यावी, रंग-पॉलिश नको. मुळांभोवती ओले मॉस किंवा नारळाचा काथ्या ठेवून झाड मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने बांधावे. तांब्याची तार वापरू नये, तांबे नेच्यांना सोसत नाही. वर्षभरात ढालीची पाने फळीला स्वतःच धरतात, मग दोरा दिसतही नाही.

पाणी ही सर्वांत मोठी गोष्ट. फळी उतरवून बादलीत १५-२० मिनिटे बुडवावी, निथळू द्यावी आणि परत टांगावी. हिवाळ्यात आठवड्यातून एकदा पुरते, एप्रिल-मेमध्ये दोन-तीनदा लागते. पावसाळ्यात फळी हाताने उचलून बघावी. जड लागली तर पाणी अजिबात नको. ही झाडे तहानेपेक्षा कुजण्याने जास्त मरतात. बोअरचे पाणी जड असेल तर पागोळीचे पाणी साठवून वापरावे. बुडाची पाने तपकिरी होणे हा आजार नाही, पण मधला कोंभच काळा आणि मऊ पडू लागला तर पाणी ताबडतोब थांबवावे.

पानांवर पांढुरकी लव असते, धूळ समजून ती पुसू नये. ती पानातले पाणी राखते. खत फार थोडे. पावसाळ्यात महिन्यातून एकदा, नेहमीपेक्षा निम्म्याहून पातळ.

या झाडाचे कलम बांधता येत नाही. बुडाशी पिल्ले येतात. पिल्लाला स्वतःची ढाल आली की थोड्या मुळांसह धारदार सुरीने वेगळे करून दुसऱ्या फळीवर बांधायचे. आमच्या एका झाडाची पिल्ले आज तीन घरांत आहेत. एक शिक्षकांच्या खोलीत आहे, त्याला पाणी देण्याची पाळी वर्गवार लागते.

बाशिंगाला जंगलातच राहू द्या

हे वाचून कुणाच्याही मनात येईल की, मग ऑस्ट्रेलियाचे झाड कशाला? आपले बाशिंगच भीमाशंकरहून आणून फळीवर बांधू. हा लेख लिहायचे खरे कारण हेच आहे. सुट्टीत नाणेघाट, दुर्गवाडी, आहुपे फिरून येणाऱ्या गाड्यांमध्ये बाशिंगाचे आणि ऑर्किडचे गड्डे मी पाहिले आहेत. ‘आपल्याच मातीतले’ म्हणून कौतुकाने आणलेले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तशातला हा प्रकार.

रोपवाटिकेतले स्टॅगहॉर्न बीजाणूंपासून, पिल्लांपासून किंवा टिश्यू कल्चरने वाढवलेले असते. त्यासाठी कुठले जंगल उघडे पडत नाही. खोडावरून ओढून काढलेले बाशिंग मात्र कित्येक वर्षांचे असते. त्याच्या टोपलीतल्या कुजलेल्या पाल्यात किडे, मुंग्या, दुसऱ्या रोपांची बीजे असतात. ते काढले की हा सगळा संसार मोडतो. घरात ते बहुधा पहिल्याच उन्हाळ्यात, हिरवी पाने झडली की ‘मेले’ म्हणून फेकले जाते. ते मेलेले नसते, पावसाची वाट बघत असते.

शिवाय कायदाही आहे. भीमाशंकर १९८५ पासून अभयारण्य आहे. शेकरूसाठी प्रसिद्ध असलेले हे जंगल आंबेगाव आणि खेड तालुक्यांत आणि घाटाखालीही पसरलेले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २९ नुसार अभयारण्यातून परवानगीशिवाय झाडेझुडपे किंवा वनोपज काढून नेता येत नाही.

कायद्याच्या आधीही इथे एक व्यवस्था होती. आहुप्याची देवराई त्याचे उदाहरण. देवाच्या नावाने राखलेल्या रानातली काटकीही लोक उचलत नसत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा जगाला त्यांचे महत्त्व कळले. डोंगरातल्या महादेव कोळी समाजाला ते आधीच ठाऊक होते. ज्या रानात इतकी पिढ्यान्‌पिढ्या राखण झाली, तिथून बाशिंग उपटून आणणे म्हणजे राखणाऱ्यांच्या कष्टाला बट्टा लावणे आहे.

शेवटी एका शब्दाबद्दल, कारण शब्द हाच माझा धंदा. झाडावर वाढलेले बाशिंग पाहून पुष्कळ जण त्याला बांडगूळ म्हणतात. ते साफ चूक आहे. बांडगूळ झाडाच्या खोडात आपली मुळे घुसवते आणि त्याचा रस शोषते. बाशिंग आणि स्टॅगहॉर्न फक्त बसायला जागा घेतात. पाणी पावसाचे, खत पडलेल्या पाल्याचे, अन्न स्वतःचे स्वतः तयार केलेले. झाडावर राहणारा प्रत्येक जण झाड खात नसतो. बांडगूळ हा शब्द आपण माणसांवरही सहज फेकतो. कोण मूळचा, कोण वरून येऊन बसलेला, यावर आजकाल बोलणे फार होते. अशा वेळी जुन्नरच्या वाटेवरचा वड लावायला पैसे देणारा शक होता, निकितिनचा घोडा सोडवणारा खुरासानी होता, हापूसबागेला नाव देणारे हबशी होते, दापुरीची फुले रंगवणारा पोर्तुगीज-भारतीय होता, एवढे मुलांना माहीत असले तरी पुरे. कोण कुठून आला यापेक्षा त्याने काय लावले आणि काय उपटले, हे विचारायला ती आपोआप शिकतील.

येत्या पावसाळ्यात जुलै लागला की आपटाळ्याच्या रस्त्याने नाणेघाटाकडे जा. रस्त्याकडेच्या जुन्या आंब्यांच्या खोडांकडे मान वर करून पाहा. तपकिरी टोपल्यांतून हिरवी पाने वर आलेली दिसतील. सोबत मुले असतील तर त्यांना नाव सांगा, बाशिंग. हवा तर फोटो घ्या. मग गाडीत रिकाम्या हाताने बसा आणि परतताना नारायणगावच्या एखाद्या रोपवाटिकेतून स्टॅगहॉर्नचे पिल्लू घेऊन या.